हॅट काढणारे मधूकाका

मधूकाका बाईमाणूस दिसलं की हॅट काढायचे. इथल्या, कॅनडातल्या व्हिटबीच्या ग्रोसरीतली कॅशवरची मुलगी असो की बँकेतली बाई, ती तपकिरी फेल्ट हॅट डोक्यावरून उठलीच म्हणून समजा. आम्ही शेजारी राहायला आलो तेव्हा हा मान मलाही मिळाला आणि मी भुलले. दुसऱ्याच दिवशी गुडघाभर स्नो पडला. त्यांची बायको, सुमनकाकू, दुखऱ्या सांध्यांनिशी फावडं घेऊन ड्राइव्हवे शोव्हल करत होती आणि काका तीच हॅट घालून, खिडकीतून बोटाने कडेचा राहिलेला बर्फ दाखवत होते. तेव्हा तो माणूस माझ्या मनातून उतरला तो उतरलाच.

हॅट आली होती जुन्या हॉलिवूडमधून. नाशिकला कॉलेजात असताना मॅटिनीला लागलेलं वेड कॅनडात रिटायर झाल्यावरही सुटलं नव्हतं. दर शनिवारी दुपारी त्यांच्या बेसमेंटमध्ये एक ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा लागायचा आणि आम्ही मराठी मंडळी जमायचो. नायकाने नायिकेसाठी खुर्ची ओढली की काका सिनेमा थांबवायचे. "बघा, ह्याला म्हणतात स्त्रीदाक्षिण्य! आपल्याकडे कुणाच्या बापाने ओढली होती खुर्ची?" नायिकांवर तर जीवच. एकीच्या भुवया, एकीचा घोगरा आवाज. पडद्यावरची बाई रडली की ह्यांच्या डोळ्यांना धार लागायची. शी! मला शिसारी यायची. सिनेमे मात्र खरंच देखणे असत, खोटं कशाला बोलू?

काकूही बघायच्या, मागे जिन्याच्या पायरीवर बसून, अगदी जीव लावून. पण शेवट जवळ आला की काका हातातल्या काठीने भिंतीलगतच्या पाइपावर ठोके द्यायचे. म्हणजे काकूंनी वर जाऊन चहा टाकायचा. दिवे लागताच पाहुण्यांच्या हातात वाफाळता कप हवा, हा नियम. थर्मासमधला चहा काकांना चालत नसे, आणि मी करते म्हटलं तर पाहुण्यांना कामाला लावणं त्यांच्या शिष्टाचारात बसत नसे. इतक्या वर्षांत काकूंनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. कप विसळताना मला विचारायच्या, "पडली का गं गाठ त्यांची?"

गेल्या हिवाळ्यात एकदा ठोके पडले आणि काकू उठल्याच नाहीत. पडद्यावर नायिका बंदरावर उभी होती, बोट सुटायला आली होती आणि नायक गर्दीतून वाट काढत होता. "आज शेवट बघते," काकू म्हणाल्या. "चहा मग टाकते."

काकांनी सिनेमा थांबवला, दिवे लावले. मला वाटलं, आता ओरडणार. छे! ते काकूंना ओलांडून जिना चढले, वरचं दार उघडून धरलं, हॅट काढली आणि कमरेत वाकून म्हणाले, "लेडीज फर्स्ट."

सगळे खो-खो हसले. एकाने तर टाळ्या वाजवल्या. काकू मान खाली घालून वर गेल्या. मेल्याला लाज कशी ती नाही! मी पाठोपाठ गेले, तर काकू आलं किसत होत्या.

मागच्या महिन्यात काका झोपेतच गेले. इथल्या मराठी मंडळाने शोकसभेला हॉल घेतला. जो तो उठून तेच सांगत होता, काय ती रीतभात, काय तो बायकांचा मान! गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून मी ओठ दाबून बसले. मग श्रद्धांजली म्हणून तोच बंदरावरचा सिनेमा लावला. काकू पहिल्या रांगेत होत्या. चहा केटररकडे होता. मी मनात म्हटलं, बाई, आज तरी पोटभर बघ.

नायक गर्दीत घुसला आणि काकू उठल्या. सवयीने उठल्या असं वाटून मी धावत मागे गेले, तर त्या दाराशी कोट चढवत होत्या. म्हटलं, "काकू, चहाचं बघायला माणसं आहेत. बसा ना, शेवट राहिलाय."

"ती बोटीत न बसता त्याच्याशी लग्नच करते ना?"

मी हो म्हटलं.

"मग पुढचं मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "चल, मला घरी सोड."