मालकामागं उभं राहिलेलं गाव

कोणी हात जोडून, वाकून रामराम घातला की आग्यामामा भडकायचा. "सरळ उभा राह्य ना बे! काय पायजे तुले? का भेते मले?" समोरचा बिचारा गोंधळून जायचा. मामा माझ्या आईचा थोरला भाऊ. अनसिंगजवळ त्याचा भाजीचा मळा होता. त्याच्या रागाला काळवेळ नसे, म्हणून गावानं आग्यामोहळावरून हे नाव ठेवलेलं. आईच्या माघारी मी मामा-मामीकडेच वाढले. मामाचा राग माझ्यात उतरला, याचा मला अभिमान आहे.

वांगी तोडताना तो वांग्यांवरसुद्धा चिडायचा. पण उन्हाळ्यात गावातल्या विहिरी आटल्या की सगळ्या वस्त्यांमधल्या बाया त्याच्या विहिरीवर यायच्या, आणि एकीलाही तो 'तू कोणाची' म्हणून विचारायचा नाही. कोणी आभार मानू लागली की म्हणायचा, "पाणी काय म्या केलं? भर आन् चाल. वांगे तुडवू नोको."

देशातली पहिली निवडणूक नुकतीच झाली होती. अकोल्याच्या एका साप्ताहिकानं टूम काढली, की गावोगावच्या लोकांनी आपल्याकडची सर्वांत आदरणीय आणि वजनदार माणसं क्रमानं निवडून कळवावीत. मारुतीच्या पारावर गाव जमलं. गुरुजींनी नावं पुकारायची आणि ज्याला जो मोठा वाटतो, त्याच्या मागं जाऊन उभं राहायचं. उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! कोणाच्या सुपीक डोक्यातून ही रीत निघाली, देव जाणे. आम्हा बायांना तर कोणी विचारलंच नाही. आम्ही बाजूला बसून बघत होतो.

पहिलं नाव अर्थातच मालकांचं. गावची अर्धी जमीन त्यांची. नाव पुकारताच अख्खं गाव उठून त्यांच्या मागं गेलं. त्यात त्यांचा गडी नामदेवही होता. बैल पिकात शिरला म्हणून आदल्याच आठवड्यात मालकांनी त्याला चाबकानं फोडून काढलं होतं, आणि त्याच्या पाठीला हळद मामानं लावली होती.

मामा एकटाच जागच्या जागी उभा. "नामदेवा, सदरा काढ!" तो ओरडला. "तुह्या पाठीवरचा मान दाखव लोकायले! गुरुजी, तुमच्या पेपरात ल्याहा, हे भेव हाय, भेव! याले मान म्हणू नोका!"

नामदेवानं खाली बघत सदऱ्याची गुंडी मुठीत घट्ट धरली. साप्ताहिकात मालकांचा पहिला नंबर फोटोसकट छापून आला.

मळ्याची गाडीवाट मालकांच्या शेतातून जायची. तिथं मालकांच्या हुकमानं बाभळीच्या काट्या पडल्या. वाशीमच्या बाजाराची वांगी बांधावर सडली. ज्यांनी वर्षानुवर्षं मामाच्या विहिरीचं पाणी प्यायलं, त्यांतल्या एकानंही काटी बाजूला केली नाही. उन्हाळ्यात मात्र तेच लोक आडवाटेनं घागरी घेऊन हजर! मी म्हटलं, "मामा, हाकलून दे ना यायले!" त्यानं माझ्यावरच डोळे वटारले. "राग मालकावर हाय. तो तहानेवर काहून काढू?"

डोक्यावर भाजीचे भारे वाहून वाहून मामा खंगला, आणि त्या पावसाळ्यात गेला. गाव लोटलं. मालकही आले. ते तिरडीमागं उभे राहिले आणि सवयीनं सगळं गाव त्यांच्या मागं. मालक हलल्याशिवाय खांदा द्यायला कोण पुढं होणार? मामी दारातून कडाडली, "मातीले तरी न्या त्यायले! का तेबी मालकाले इचारून?"

तेव्हा गर्दीतून नामदेव निघाला. मालकांना ओलांडून तो तिरडीपाशी आला, सदरा काढून मामीच्या पायाशी ठेवला आणि त्यानं खांदा दिला. पाठीवरचे वण साऱ्या गावानं पाहिले.

बाया सांगतात, ते बघून त्यांना रडू फुटलं. मला नाही फुटलं. मी दातओठ खात उभी होते. एवढाच सदरा त्या दिवशी पारावर काढायचा होता, नामदेवा. मामा बघायला होता तेव्हा.