फोरमनची माहेरी गेलेली झोप

दारू सोडलेल्या माणसाला मी माझ्या हाताने दारू पाजायला निघाले होते, आणि वर "एका घोटात घ्या" असंही बजावलं होतं. तेव्हा मी साठीची होते, म्हणजे आजच्या मानाने अगदीच पोर. शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली. वर्ग गेला होता, पण लोकांना सुधारायची खोड गेली नव्हती.

तो माणूस म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले फोरमन. सातपूरला एका कारखान्यात होते. पीत होते तेव्हा जिन्यात बसून गाणी म्हणत आणि अख्खी इमारत जागी ठेवत. शेवटी बायको कळवणला भावाकडे निघून गेली. जाताना म्हणाली, सहा महिने कोरडे राहून दाखवा, मग येते. फोरमननी बाटली सोडली, दारू सोडलेल्यांच्या मीटिंगांना जाऊ लागले, आणि झोपेने त्यांना सोडलं.

झोप नाही म्हणून माणूस पहाटेच पाना-पक्कड घेऊन बसायचा. कुणाचा मिक्सर, कुणाचा कुकर. इमारतीतल्या एकूण एक बिजागरीला त्यांनी तेल घातलं. "हातांना काम लागतं, बाई. नायतर ते जुन्या वाटेनं जातात," म्हणायचे. माझं मात्र नुकसान झालं. कोण किती वाजता घरी आलं हे मला दारांच्या कुरकुरीवरून कळायचं. त्या तेलाने माझं वर्तमानपत्रच बंद पाडलं.

झोपेची चौकशी केली की म्हणत, "माहेरी गेलीय. आणायला गेलं का रुसते. आपण आपलं काम करत राहायचं." हे झोपेबद्दल की बायकोबद्दल, असं विचारण्याचा आगाऊपणा फक्त माझ्यात होता. मी विचारलं. ते हसून म्हणाले, "दोघी एकाच एसटीनं येतील."

पाचव्या महिन्यात त्यांचे डोळे पार खोल गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दारू सुटल्यावर काही महिने असं होतं, धीर धरा. पण डॉक्टरांनी सांगून संपवलं की तिथून मी सुरू होत असे. जायफळाचं दूध झालं, काशाच्या वाटीने तळपाय घासून झाले. मग मला लेकीच्या बाळंतपणातली द्राक्षासवाची बाटली आठवली. अशक्तपणाला चालतं ते झोपेला का चालू नये? एका संध्याकाळी त्यांना घरी बोलावलं. बाटलीवर दोन चमचे लिहिलेलं; माझा हात सढळ, मी अर्धी वाटी ओतली.

फोरमननी वाटी नाकाशी नेली आणि तिथेच थांबले. मग दुसऱ्या हाताने स्वतःचंच मनगट धरलं. मला वाटलं, बघा, किती हा अशक्तपणा. मी घाई केली. त्यांनी वाटी अलगद ओट्यावर ठेवली, "येतो, बाई," म्हणाले आणि चपला न घालताच गेले. मी फणफणत राहिले, एवढा मोठा फोरमन आणि औषधाला घाबरतो.

रात्री आमच्या ह्यांनी चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. त्यात अल्कोहोल होतं, मुरताना आपोआप झालेलं. द्राक्षांच्या नाशकात जन्म काढून, द्राक्षं मुरली की काय होतं हे मला बाटलीने शिकवावं लागलं.

सकाळी त्यांच्या चपला हातात घेऊन मी समोरची बेल वाजवली. एकदा, तीनदा, पाचदा. नऊ वाजले तरी दार उघडेना. पहाटे चारला जागा असणारा माणूस! मी दाराला कान लावला. पाच महिने पाण्यात गेले, आता कळवणची एसटी रिकामीच येणार, आणि ते माझ्या पायी. तेवढ्यात दार उघडलं, अर्थातच न कुरकुरता. फोरमन उभे. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली.

महिन्याभराने बायको खरंच आली. पुढे दोघं कळवणला राहायला गेली आणि आमच्या बिजागऱ्या पुन्हा बातम्या देऊ लागल्या. पण हल्ली मीच कूस बदलत पडते, तेव्हा त्या सकाळी दारात माझ्या हातून चपला घेत ते जे बोलले ते आठवून एकटीच हसते:

"बाई, तुमच्या औषधानं झोप लागली बरं का. ती वाटी खाली ठेवण्यातच इतका दमलो, का घरी येऊन पडलो तो आत्ता उठतोय. पण परत देऊ नका."