मालूची सायकल निर्दोष आहे

मालू सायकलवरून पडून वारलेली नाही.

हे आधीच लिहिते, कारण कालपासून फोन करणारा प्रत्येक जण म्हणतोय, "या वयात सायकल! होणारच होतं."

काय होणारच होतं?

बाई रात्री पोटभर वरणभात जेवली, झोपली, सकाळी उठली नाही. सायकल तेव्हा जिन्याखाली होती. जुनी साडी पांघरून.

(खाऱ्या हवेनं गंज चढतो म्हणून मालू तिला रोज झाकायची. "मीठ बरणीत ठीक, चेनला नाही.")

आमची मैत्री शाळेपासूनची. जबलपूरला चेरीतालहून कॉन्व्हेंटपर्यंत ती पॅडल मारायची, मी कॅरियरवर बसून तिच्या चुका काढायची. त्यामुळे मी सायकल कधी शिकलेच नाही.

रिटायर झाल्यावर ती मुलाकडे विशाखापट्टणमला गेली आणि नवी सायकल घेतली. तेलुगूचा एक शब्द येत नव्हता.

"मग रस्ते कसे कळतात गं?"

"जाताना समुद्र उजवीकडे ठेवायचा, येताना डावीकडे. काहून घाबरून राहिली तू?"

मागच्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले. पुन्हा कॅरियर. दोन म्हाताऱ्या, एक सायकल. लोक थांबून फोटो काढत होते.

बाजारातून परतताना पाणी दिसलं. मालूनं ते नेमानं डावीकडे घेतलं. मग क्रेन आल्या. मग जहाजं. मग फाटक आणि बंदूकवाला शिपाई.

"माताजी, किधर?"

"घर, भैया. समंदर के बाजू से."

"ये समंदर नहीं, बंदरगाह है. समंदर उस तरफ है."

"मालू, यू आर इम्पॉसिबल!" मी मागून ओरडले.

"पाणी आहे, खारं आहे, जहाज आहे. अजून काय सर्टिफिकेट पाहिजे तुला?"

जबलपूरच्या बाईला एका गावात दोन-दोन बाजूंनी पाणी असेल हे कोण सांगणार!

आज तिच्या मुलाचा फोन आला. "मावशी, ती सायकल भंगारात देऊन टाकतो. सगळे तिलाच बोल लावून राहिले."

"खबरदार! तिनं काय केलं? ती तर जिन्याखाली होती. रेल्वेच्या पार्सलनं इकडे जबलपूरला पाठव."

"पण तुम्हाला चालवता कुठे येते?"

"कॅरियरवर बसता येतं ना!"

तर सायकल येतेय. ज्यांना 'होणारच होतं' म्हणायचंय, त्यांनी माझ्या दारात येऊन तिच्या तोंडावर म्हणावं.

मालू, नीट जा गं. साडी मी घालीन तिच्यावर.

फक्त कमानिया गेटहून चेरीतालला येताना समुद्र कुठल्या बाजूला ठेवायचा, तेवढं सांगून जायचं होतंस.