क्लिनरचे वेगळे पैसे

"अक्रम! ए अक्रम! अरे, माझा क्लिनर कुठं गेला?"

सोलापूर-हैदराबाद रोडवर उभी हयात ट्रक हाकलेल्या आयुबभाईंचा आवाज तो, इंजिनावर मात करत करत तयार झालेला. नळदुर्गच्या त्या गल्लीत चार घरं पलीकडं ऐकू गेला. अक्रम म्हणजे त्यांचा मुलगा. जेवण अर्धं टाकून तो आतल्या खोलीत पळाला. अब्बा कॉम्प्युटरसमोर बसलेले, दोन्ही हात टेबलाला आवळलेल्या स्टेअरिंगवर आणि डोळे पडद्यावरच्या ट्रकच्या डाव्या सीटवर. सीट रिकामी.

"काल तर व्हता की! डेमोत व्हता. लाल गमछावाला. खिडकीतनं निम्मा बाहेर लोंबून 'आने दे, आने दे' करत व्हता. आज गेम विकत घेतला आन् माणूसच गायब?"

अक्रमनं पडद्यावर बोट टेकवलं. सीटवर एक बारीक कुलूप दिसत होतं. "अब्बा, तो आता डीएलसीत हाय. म्हणजे गेम घेतल्यावर वरून घ्यायचा तुकडा. क्लिनरचे वेगळे पैसे."

"क्लिनरचे? वेगळे?" आयुबभाईंनी स्टेअरिंग सोडून कपाळाला हात लावला. "अरे येड्या, ट्रकसंगं स्टेपनी येती, जॅक येतो, तसा क्लिनर येतो. तो काय वेगळा विकायची चीज हाय?"

आता या वयात हा गेमचा नाद कुठून लागला, असं तुम्ही म्हणाल. त्याला कारण आयुबभाईंची शुगर. पायाला साधी जखम झाली, ती भरायचं नाव घेईना, आणि शेवटी डॉक्टरांनी डावा पाय घोट्याच्या वरून काढला. क्लच ज्या पायानं दाबायचा नेमका तोच गेला. ट्रक विकावा लागला. मग आयुबभाई ओट्यावर बसून हायवेचे आवाज ऐकायचे, कोणता गडी कुठल्या गिअरात गाडी चढवतोय ते सांगायचे आणि बायकोचं, शरिफाबींचं, डोकं खायचे. शेवटी अक्रमच वैतागला. बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं कुणाचा तरी टाकून दिलेला कॉम्प्युटर त्यानं जोडून-बिडून चालू केला, कुठून तरी स्टेअरिंग पैदा केलं आणि म्हणाला, "यात क्लच लागत न्हाय अब्बा. दोनच पेडल." आयुबभाई आधी "लेकरांचे खेळ" म्हणून तोंड वाकडं करत बसले. मग बसले ते असे बसले, की शरिफाबींना चहा दोनदा गरम करावा लागला.

त्यानंतर या गृहस्थांनी एकेक ट्रकवाला गेम असा काही चाळला, की अक्रमच्या दुकानातली पोरं नवा गेम घ्यायच्या आधी चाचांना विचारायला लागली. आणि चाचांची मतं पक्की. डेमो म्हणजे ट्रायल. जुना ट्रक बघायला गेलं की मालक चावी हातात देतो, म्हणतो, जरा उमरग्यापर्यंत मारून या. ट्रायलला आढेवेढे घेणाऱ्याच्या गाडीत खोट असते, समजून जायचं. तसंच जो गेम फुकटात थोडा खेळायला देत नाही, त्याच्या दारात उभंच राहायचं नाही. वरून विकायच्या तुकड्यांनाही त्यांची ना नव्हती. नवा रस्ता दिला, नवा घाट दिला, तर द्या पैसे. रस्ता बांधायला कष्ट पडतात. गोंडे, रंगीत लाइट, म्युझिक हॉर्न हा शौक, ज्याला हौस त्यानं खिसा हलका करावा. "पण ट्रायलला जे दावलं ते गाडीत पाहिजे," आयुबभाई बोट नाचवून सांगायचे. "ट्रायलला कोरे टायर आन् सौदा झाल्यावर गोटा झालेले, ही सरळ सरळ बेइमानी."

म्हणून तर क्लिनरचं कुलूप बघून त्यांचं टाळकं सरकलं. पण खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. तो लाल गमछावाला खिडकीतून जसा लोंबायचा, थेट तसाच शांतलिंग लोंबायचा. शांतलिंग म्हणजे आयुबभाईंचा क्लिनर, याच गावचा, किल्ल्याकडच्या बाजूला राहणारा. आयुबभाईंची दाढी काळी होती तेव्हापासून ट्रक विकेपर्यंत डाव्या सीटवर तोच. ट्रक विकला आणि शांतलिंगनं या घराची पायरी सोडली ती सोडलीच. हायवेवरच्या एका ढाब्यावर गाड्या लावायच्या कामाला लागला. ईदला शरिफाबींनी शीरखुर्म्याचा डबा पाठवला, तो घासूनपुसून परत आला, पण दुसऱ्याच्या हाती. का येत नाही, हे आयुबभाईंना कळत नव्हतं. जाऊन विचारावं तर अंगात ताठा. पण डेमोतल्या त्या गड्याची हाळी ऐकली की त्यांना शांतलिंग आठवायचा आणि बरं वाटायचं. शांतलिंग पुन्हा शेजारी बसावा, एवढंच त्यांना हवं होतं. तोंडानं मात्र बोलायचे नाहीत.

"चहा-भज्याच्या पैशाची गोष्ट हाय अब्बा," अक्रम म्हणाला. "मी घेऊन टाकतो."

"हात तर लावून बघ! जे दावलं तेच कापून मला परत इकायचं? मर्दासारखी गाडी एकट्यानं लावीन, पण पैसा देणार न्हाय."

आणि लागले कामाला. एकट्यानं. गेममध्ये माल घेऊन गोदामापर्यंत सुखरूप जायचे, पण शेवटी ट्रक रिव्हर्समध्ये दरवाजाला लावायचा असायचा आणि डावी बाजू आंधळी. धाड! पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा धाड! खिडकीत गल्लीतली पोरं जमायची. "चाचा, घ्या की क्लिनर!" "पळा रे भाडखाऊंनो!" म्हणून आयुबभाई खेकसायचे आणि पुन्हा गिअर टाकायचे. हरायची लाज नव्हती त्यांना, वाकायची होती.

एक दिवस त्यांनी अक्रमला समोर बसवलं. म्हणाले, "लिही त्या कंपनीला." अब्बा बोलत गेले, अक्रम गेमखालच्या शेऱ्यांत टाइप करत गेला. ट्रायल काय, सौदा काय, शौक काय आणि बेइमानी काय, सगळं झाडून काढलं. तो शेरा असा काही फिरला, की कुठल्या कुठल्या गावची माणसं "चाचा बरोबर बोलले" म्हणून खाली लिहायला लागली. कंपनीचं उत्तर आलं, अगदी गोडगोड. आपल्यासारख्या जुन्या ड्रायव्हरसाहेबांना साथीदाराचा पॅक आमच्याकडून भेट, सोबत कोड पाठवला आहे.

अक्रम खूश. "अब्बा, जिंकलात!"

"काय जिंकलो? मला एकट्याला फुकट म्हणजे तोंडाला कुलूप. न्हाय पाहिजे म्हणून कळव. सगळ्यांच्या गाडीत बसव म्हणावं, न्हायतर माझीबी सीट ऱ्हाऊ दे रिकामी."

शरिफाबी दारात मेथी निवडत बसल्या होत्या. इतके दिवस त्या एका शब्दानं मधे पडल्या नव्हत्या. आज म्हणाल्या, "अजी, एक बोलू?"

"बोल."

"ती कंपनी माणूस वेगळा इकती म्हणून तुमी एवढे तापलात. तुमी तर गाडीसंगं इकला व्हता."

"कुणाला?"

"शांतलिंगभाऊला. जहीराबादचं गिऱ्हाईक आलं व्हतं त्या दिवशी मी चहा घेऊन उभी व्हते. तुमी त्याला सांगत व्हता, ताडपत्री नवी हाय, स्टेपनी हाय, जॅक हाय, आन् क्लिनरबी देतो, लई भारी हाय, घेऊन टाका. भाऊ तिथंच टायरची हवा बघत व्हते."

आयुबभाई उसळले. "अगं, त्याची रोजी जाऊ नये म्हणून म्हनलो मी! नव्या मालकाकडं त्याला काम लागावं म्हणून!"

"मला ठावं हाय. त्यांना कुणी सांगितलं?"

"मग इतके दिवस तू का बोलली न्हाईस?"

"ऐकलं असतं का तुमी?"

नसतं ऐकलं. हे त्यांनाही कबूल होतं. आयुबभाईंनी कॉम्प्युटर बंद केला. रागानं नव्हे, लाजेनं त्यांचे कान तापले होते. "माझ्या कुबड्या दे."

"आत्ता? ऊन बघा की किती हाय."

"आत्ताच जायचं."

अक्रम गाडीची चावी घेऊन उठला. "मी सोडतो अब्बा."

"बस खाली. माझं मी जाईन."

कोपऱ्यापर्यंत कुबड्यांवर आणि तिथून रिक्षानं आयुबभाई ढाब्यावर पोचले. शांतलिंग फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, गळ्यात शिट्टी. खडीवरून कुबड्या टेकत येणारा माणूस ओळखून तो अर्धा उठला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत बसला. आयुबभाई समोरच्या बाजेवर टेकले. दम लागला होता, तरी दम खायला थांबले नाहीत.

"शांतलिंगा, मी तुला गाडीसंगं देऊन टाकला. ताडपत्रीसंगं."

"जॅकच्याबी मागनं नाव घेतलं माझं," शांतलिंग म्हणाला.

"तुझी रोजी ऱ्हावी म्हणून रे."

"ते ठावं हाय मला."

"ठावं हाय? मग इतकं कशाचं लागलं तुला?"

शांतलिंगनं गळ्यातली शिट्टी काढून मांडीवर ठेवली. "उस्ताद, त्या माणसाला इचारलं, मला न्हाय. तुमी पायाला पट्टी बांधून घरी पडला व्हता, तवा म्या धाराशिवला खेटे घालून हेवी लायसन काढलं. तुमाला सांगणार व्हतो, गाडी इकू नका, आता तुमी डावीकडं बसा, म्या चालवतो. सांगायला म्हणूनच आल्तो त्या दिवशी. तर तुमी सौदा करत बसलेला. पंक्चर माझं, ताडपत्री माझी, जागरण माझं, आन् स्टेरिंगला एक दिवस हात लावू दिला न्हाय तुमी. कधी इचारलंबी न्हाय, शांतलिंगा, तुला चालवायचं का म्हणून."

म्हणजे ट्रक विकायची गरजच नव्हती. डाव्या सीटवर बसून का होईना, आजही ते हैदराबादच्या रस्त्यानं गेले असते. त्यांनी डोळे पुसले, तेही लपवून नाही.

मग म्हणाले, "घरी एक गाडी हाय माझ्याकडं. खोटी, कॉम्प्युटरवरची. तिची डावी सीट रिकामी हाय. कंपनी पैसे मागती, मी देत न्हाय."

"मंग? म्या येऊन बसायचं त्या सीटवर?" शांतलिंगच्या आवाजाला धार आली.

आयुबभाई तेच तर मागायला आले होते. सगळ्या रिक्षाभर तेच वाक्य घोळवत आले होते. ते त्यांनी गिळलं.

"न्हाय," ते म्हणाले. "स्टेरिंगवर तू बस. डावीकडं मी बसतो. पण यायचं का न यायचं, ते तुझं तू ठरव. मी कुणाला सांगणार न्हाय की शांतलिंग येतोय म्हणून."

एक गाडी फाटकातून आत आली, शांतलिंग शिट्टी उचलून तिकडं गेला, आणि आयुबभाई कुबड्या सावरत निघाले.

मग तो काही दिवस आला नाही. आयुबभाईंनी गेमला हात लावला नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, "गाडीला ड्रायव्हर न्हाय."

एका दुपारी शरिफाबींनी दारातून हाक मारली, "अजी, शांतलिंगभाऊ आलेत." शांतलिंग धुतलेला सदरा घालून आला होता. घरात कुठं बसावं असं बघत उभा राहिला. आयुबभाईंनी कॉम्प्युटर सुरू केला, खुर्ची मोकळी केली आणि स्वतः डाव्या बाजूच्या स्टुलावर बसले. शांतलिंगनं स्टेअरिंगला आधी हात जोडले, मग हात लावला.

चालवली बरी. जरा घाबरत, जरा वेगानं, पण चालवली. आयुबभाईंच्या जिभेवर दहा सूचना येऊन बसल्या होत्या, त्यांनी दात आवळून धरले. आणि मग तेच गोदाम आलं. शांतलिंगनं रिव्हर्स टाकला. डावी बाजू दिसेना. तो थांबला. तोंडानं विचारलं नाही, नुसता थांबला.

आयुबभाई स्टुलावरून पुढं झुकले, नाक पडद्याला लागेल इतके. उभ्या जन्मात त्यांनी या माणसाला अहो-जाहो केलं नव्हतं.

"थोडं पुढं घ्या," ते म्हणाले. "हां. आता स्टेरिंग डाव्या अंगाला तोडा. अजून तोडा. आता सरळ सोडा, उस्ताद."

शांतलिंगनं कचकन ब्रेक मारला आणि वळून त्यांच्याकडं बघितलं. "काय म्हनलात?"

"माझ्याकडं काय बघताय?" आयुबभाई ओरडले, आणि त्यांचा तो इंजिनावरचा आवाज मधेच फाटला. "आरशात बघा. गाडी भिंतीला लागंल."