चारच्या चहाचा हशा

आमच्या ऑफिसात चारचा चहा सगळे माझ्या टेबलाभोवती घेतात, आणि चहाबरोबर मी एखादा विनोद सांगते. विभागप्रमुखानं माणसं हसती ठेवावीत, अशी माझी समजूत. आजही विनोद संपला आणि नेहमीसारखा हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते पाठक. सहज त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. कानातलं मशीन तळहातावर उघडं पडलं होतं आणि ते त्यात नवा सेल बसवत होते.

मशीनशिवाय पाठकांना काहीच ऐकू येत नाही.

हेच विनोद घरी सांगितले, तर ताटातून मानसुद्धा कोणी वर करत नाही. मला वाटायचं, घरच्यांना विनोदाची जाण नाही, ऑफिसातल्यांना आहे. खुर्चीला सलाम करायच्या तरी किती तऱ्हा! कोणी उभं राहून करतं, कोणी हसून. आणि मी तो रोज चहाबरोबर वसूल करत होते. माझी कानशिलं तापली. कुणाकडे बघवेना, म्हणून कपात बघत राहिले.

पाठकांनी मशीन कानात बसवलं. ओठांवरचं हसू अजून तसंच होतं. जरा पुढे वाकून त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, मला काही काम सांगितलंत का?"