टॉवेलात गुंडाळलेले सरपंच

चौफुल्याला शिरूरची एसटी लागली होती. रांजणगावच्या कंपनीत हेल्पर म्हणून निघालो होतो मी, आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टॉवेलात गुंडाळलेली व्हिडिओ कॅसेट पिशवीत कोंबली. "शिरूरला कुणी दुरुस्त करतंय का बघ." आई म्हणाली, "सरपंचाला घिऊन चाललाय, नीट संभाळ."

कॅसेट ताईच्या लग्नाची. आपल्याकडं लग्न कुणाचंही असो, माइक पुढाऱ्याच्याच हातात. वधूवरांना आशीर्वाद देता देता सरपंच बोलून गेले, "बौद्धवस्तीत दिवाळीच्या आत नळ येईल." तीन दिवाळ्या गेल्या. विचारलं की म्हणत, "मी असं कवा म्हणलो?" हक्काचं पाणी, आणि त्यालाही पुरावा मागतात. पुरावा होता, पण आम्हीच त्याची वाट लावली. वस्तीत भाड्याचा व्हीसीआर आला की तेवढंच वाक्य मागं घ्यायचं, थांबवायचं, पुन्हा लावायचं. टेप नेमकी तिथंच चुरगळली आणि तुटली.

शिरूरला टीव्ही दुरुस्त करणारे सलीममामा होते. कॅसेट उघडून म्हणाले, "चुरगळलेलं कापतो आन् जोडतो. एखाददुसरं वाक्य जाईल."

"मामा, त्या वाक्यासाठीच आलोय."

सगळं ऐकून त्यांनी कात्री खाली ठेवली. सुती फडक्यानं टेप बोटबोट सरळ केली, तुटलेली टोकं भिडवून मागच्या बाजूनं पातळ पट्टी लावली. लावून बघितली. ताई दिसली, हार दिसले, मग नुसते पांढरे पट्टे. पण पट्ट्यांच्या आडून आवाज आला. शब्द न् शब्द स्पष्ट.

मी रजा टाकून ग्रामसभेत टीव्ही मांडला. सरपंच म्हणाले, "ह्यात माणूस कुठं दिसतोय? आवाज कुणाचाबी असंल."

मागून त्यांचीच चुलती बोलली, "तुझाच हाय की घोगरा. पाळण्यापासनं ऐकतीय."

सभा हसली. त्या हसण्यातच नळाचा ठराव लिहून घेतला आम्ही, आणि उन्हाळ्याच्या आत पाणी आलं.

गाव सोडलं, असं म्हणतात मला. तुम्हालाही म्हणत असतील, जे माझ्यासारखे गेलात. कसलं सोडलं? माझं अर्धं गाव रूमवरच्या पेटीत आहे. आबा म्हणतात, "नळ आला, आता कॅसेट आण घरी."

आणत नाही. त्याच भाषणात, नळाच्या पुढं, गटाराचंही वाक्य आहे.