पिझ्झा जेवणात धरायचा का?

त्या जागी पूर्वी बियाण्यांचं दुकान होतं. आता तिथं इटालियन मिळतं. टेबलांवर लाल चौकड्यांचं प्लास्टिक, भिंतीवर कललेल्या मनोऱ्याचं चित्र, आणि खुर्च्या इतक्या उंच की बसल्यावर माझे पाय लोंबकळायला लागले. दिवे असे मिणमिणते, की मला वाटलं जालन्यात पुन्हा वीज गेली.

"आजी, हे असंच असतं," नात म्हणाली. "आणि ऐक, तू काही बोलू नकोस."

हे ती घरून निघाल्यापासून सांगत होती. रिक्षात सांगितलं, जिन्यात सांगितलं. बोलायचं नव्हतं तर म्हातारीला आणलं कशाला? तर माझा मुलगा-सून अंकुशनगरला. साखर कारखान्यात उसाचं गाळप सुरू, मुलाला सुट्टी नाही, आणि त्याच्याशिवाय सून कुठं जात नाही. मुलीकडचं कुणीतरी मोठं माणूस हवं, म्हणून मी.

नातीला एक मुलगा आवडला होता. दोघं एकाच कॉलेजातून औषधांचं शिकून बाहेर पडलेले. मुलाला वडील नाहीत. आई जाफराबादला शेती बघते, आणि तिचा होकार नसेल तर लग्न नाही, हे त्यानं नातीला आधीच सांगून ठेवलेलं. आई भेटायला कबूल झाली, पण आमच्या घरी यायला नाही. घरी आलं की मुलगी बघायला आल्यासारखं होतं, शेजारणी दारात उभ्या राहतात. बाहेर कुठंतरी नुसतं भेटू, म्हणाली. मग या दोन शहाण्यांनी ही जागा काढली.

बाई वेळेवर आली. कडक इस्तरीची साडी, हातात कापडी पिशवी, नजर चारी बाजूंना. मुलगा मागं, मान खाली. नातीनं पटापट मागवलं: पिझ्झा, पास्ता, लसणाचा पाव. पास्ता बघून मला माझीच लाज वाटली. नवी नवरी होते तेव्हा एका मासिकात वाचून मी सासरी, वाटूरला, चुलीवर मॅकरोनी केली होती. चीज कुठून आणणार? काळा मसाला आणि दाण्याचा कूट घातला. सासऱ्यांनी ताटात बघून विचारलं, "ह्या अळ्या कशाच्या?" आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "परदेशातल्या." शेवटी पातेलं म्हशीपुढं ठेवलं. तिनंही वास घेऊन तोंड फिरवलं.

असो. पिझ्झा आला.

"घ्या ना, काकू," नात म्हणाली.

"न्हाई गं. मी खाऊनच आल्ते."

नातीचा चेहरा पडला. टेबलाखाली तिनं माझा पदर धरला नि कुजबुजली, "आजी, मी आवडले नाही त्यांना."

"गप. तसं न्हाई ते," मी म्हणाले.

या पोरांना काही म्हणजे काही ठाऊक नसतं. औषधाची शंभर नावं पाठ, पण आपल्या भागात मुलगी बघायला आलेली माणसं चहा घेतात, पोहे घेतात, जेवत नाहीत, हे माहीत नाही. जेवलं म्हणजे पसंत. बाईनं अजून ठरवलं नव्हतं, म्हणून तोंड बंद ठेवलं होतं. आणि हे मला कळायलाच हवं, कारण माझं लग्न यातूनच झालंय.

वाटूरची माणसं मला बघायला आली तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. जगातलं सगळं आपल्याला कळतं, अशी खात्री होती. पाहुणे चहा घेऊन उठले. मी दारातून ठणकावून म्हणाले, "असं उपाशी कसं जाता? पिठलं टाकलंय, जेवूनच जा." आईनं चिमटा काढला, तोवर उशीर झाला होता. पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं, खाली बसले आणि पातेलं रिकामं केलं. संध्याकाळी नारळ देऊन लग्न पक्कं. लोक म्हणतात, नवऱ्यानं मला पसंत केलं. मला विचाराल तर पिठल्यानं केलं.

तर पिझ्झा गार होत होता. पाहुणी खात नाही तोवर मुलीकडच्यांनी घास कसा उचलायचा? आईपुढं मुलगा कसा खाणार? गरम अन्नाभोवती चार माणसं उपाशी. शेवटी मी तोंड उघडलं. नातीनं पदर ओढला, मी सोडवून घेतला.

"अहो, हे काही जेवण न्हाई. नाश्ता आहे."

बाईनं ताटली गोल फिरवून बघितली. "खाली भाकर हाये. वर भाजी हाये. मंग जेवण कसं न्हाई?"

"भाकर कुठली, पाव आहे तो. पावाला कुणी जेवण म्हणतं का?"

"एवढा वाटोळा पाव कोण करून राह्यलं, मावशी?"

"बरं, ते राहू द्या. ह्या शेवया घ्या."

"शेवया तर रुखवतात ठेवतेत."

मुलाला वाटलं, आपण तोडगा काढावा. "आई, बिल मी देतो ना. मग तर झालं?"

"म्हंजे आपण पोरीकडच्यांना जेवू घातलं!" बाई त्याच्यावरच घसरली. "ते तर त्याहून पुढचं झालं. तू गप बस."

तो गप बसला. त्याला ते चांगलं जमतं.

चीज एव्हाना चपलेच्या तळव्यासारखं झालं होतं. माझी भूक डोक्यात गेली. मी तिथल्या वाढपी मुलीला हाक मारली. "चहा-कॉफी काही आहे का गं?"

"मशीन बिघडलंय, आजी. कॉफीचं तिरामिसू आहे."

"तेच आण."

काचेच्या ग्लासात आलं. खाली बिस्किटं, वर मलई, त्यावर तपकिरी भुकटी.

"हे काय?" बाईनं विचारलं.

"कॉफी," मी म्हणाले. "थंड."

नातीनं डोळे मिटून घेतले. बाईनं चमचा घातला. एक घास, दुसरा घास. मग ग्लास तिरका करून तळाचंही खरवडलं. मी मनात म्हटलं, झालं, तोंड गोड झालं, आता कुठं जाते!

बाईनं शांतपणे ओठ पुसले. "मावशी, माझी भाची केक बनवायचं शिकून राह्यली. ह्याला कॉफी म्हणत न्हाईत, मला बराबर ठावं हाये."

नातीची नखं माझ्या मनगटात.

"पोरगी मी फोटोतच पसंत केल्ती," बाई म्हणाली. "घरचं माणूस बघायचं होतं. लई खोटं बोलता तुम्ही."

"मंग?"

"मंग काय? आमच्या घरात तोंडाला तोंड देणारं कुणीच न्हाई. ह्याला तर बघताच तुम्ही." तिनं पिझ्झा पुढं सरकवला. "हा गरम करून आणायला सांगा. आता जेवायला हरकत न्हाई."

नात हसत होती की रडत होती, त्या उजेडात कळेना. पिझ्झा दुसऱ्यांदा भट्टीत जाऊन आला तो पार कौल होऊन. विहीणबाईंनी दोन्ही हातांनी मोडून मोठा तुकडा माझ्या ताटलीत टाकला. "घ्या, मावशी. संकोच करू नका." तो चघळत होते तोवर दुसरा टाकला. मुलीकडच्यांनी नाही म्हणायचं नसतं. माझी कवळी जागेवरून हलली, तरी मी मान डोलावत राहिले.

माझ्या वेळचं पिठलं निदान मऊ तरी होतं.